ग्रहणात चिरलेली शेवळं

पावसाळ्यात शेवळांची रानभाजी चिरल्याचा वास आला, की भिवपुरीची माझी वहिनी आठवते. तिची लेक पाठीवर गाठ घेऊन जन्मली आणि अख्ख्या गावाने, कोंबड्यांसकट, निकाल दिला की हिने ग्रहणात शेवळं चिरली. सगळ्यात मोठा आवाज माझ्या आईचा.

कर्जतच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मायलोमेनिंगोसील." शब्द एवढा लांब, की कर्जतला सुरू केला तर खोपोलीला संपावा.

"म्हंजे काय ओ?" आईने विचारलं.

"बाळाचा कणा पाठीकडून मिटायचा राहिला. तो पहिल्याच महिन्यात मिटतो. दिवस गेलेत हेही तेव्हा कळलेलं नसतं."

"ग्रहण तर सातव्यात लागलेलं," आई पुटपुटली. वहिनीने तेव्हा कुठे मान वर केली.

परतताना भेटेल त्याला आईने तो अख्खा शब्द ऐकवला, वर "आमच्या सुनेचा काय दोष नाय" हेही. तेव्हा मला हसू आलं होतं. आज वाटतं, सुनेची माफी मागायची तिची तीच रीत होती.