गिरणीसाठी पंप बंद ठेवणारी माणसं

प्रवासवर्णन लिहायचं तर माणसानं निदान जिल्हा तरी ओलांडावा. मी हिंजवडीजवळच्या माणमधल्या भाड्याच्या खोलीतून निघालो आणि मुळशी तालुकासुद्धा ओलांडला नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, त्यामुळे असं काही कसं लिहितात हे विचारायलाही कुणी नाही. चुकलं तर सांभाळून घ्यावं.

हिंजवडीच्या इमारती मागे पडल्या आणि घोटावड्यापासून कापणी झालेली खाचरं (बांध घातलेली भातशेतं) सुरू झाली. कासार आंबोलीला बस थांबवा म्हणायची मला भीड वाटली, म्हणून पुढच्या थांब्यावर उतरून उन्हात मागे चालत आलो. तिथून आतल्या एका वाडीपर्यंत वीज कंपनीची माणसं जुन्या बारीक तारा काढून जाड तारा ओढत होती. मी इलेक्ट्रिकलच्या दुसऱ्या वर्षाला आहे. ते काम पाहायलाच आलो होतो.

वाडीच्या टोकाला बचत गटाची भातगिरणी आहे. गटाच्या रंजनाताईंनी बायकांना समजावून तिच्या पत्र्यावर सोलरच्या प्लेटा बसवल्या. भात सकाळ-संध्याकाळ भरडायचं आणि दुपारची वीज तारेत सोडायची, असा बेत होता. पण प्लेटांची वीज तारेत सोडणारी इन्व्हर्टरची पेटी ऐन उन्हात बंद पडायची. लोक प्लेटांना ‘ताईचे आरसे’ म्हणू लागले होते.

“आरशात तोंड तरी दिसतं,” ताई म्हणाल्या. “म्होरल्या म्हयन्यात गटाची बैठक हाय. प्लेटा काढून टाका म्हनतील.”

बारा वाजता त्यांनी बांधापलीकडे हाक मारली. “नाना, पंप बंद करा, ऊन चढलं.”

पंप थांबला. शेजारच्या घरातला मिक्सर तर न सांगताच थांबला. इथे वर्षानुवर्षं व्होल्टेज कमी असायचं; गिरणीची मोटर उचलावी म्हणून सगळे आपापलं बंद करायचे. तीच सवय आता पेटीसाठी. मला ते फार आवडलं. “बरोबर आहे, भार कमी केलाच पाहिजे,” मी म्हणालो.

थोड्याच वेळात पेटी बंद पडली.

दारात वायरमन शंकरमामा पाणी प्यायला आले होते. “कॉलेजात जातुयास न्हवं?” त्यांनी मला विचारलं. “मग ऐक. आधी वीज भायेरनं यायची, कमी पडायची. आता ती हितंच तयार हुतीया. बारीक तारंतनं लांब जाईना आन हितं घ्यायला कुनी न्हाई. मग व्होल्टेज चढतं आन पेटी बंद हुती. पंप बंद करून तुमी तिचं गिऱ्हाईकच घालवताय.”

ताई पेटीकडे वळल्या. “म्हंजी इतकं दिस आमीच तिला बंद पाडत हुतो?”

“तुमी भल्यासाठीच केलं, ताई. तारच बारीक हाय.”

“नाना, करा पंप चालू!”

“आत्ताच बंद करा म्हनलीस की!”

“तवा येडी हुते.”

पंप सुरू झाला, मिक्सरही घरघरला. काही मिनिटांनी पेटीवर हिरवा दिवा लागला. पण रोज दुपारी उगाच पाणी कोण उपसणार? जाड तार बैठकीआधी पोचायला हवी होती आणि ती अजून ओढ्यापलीकडेच होती.

ताईंनी इंद्रायणीचा भात आणि पावट्याची आमटी वाढली. जेवून मी मामांच्या मागे गेलो. वीज बंद असल्याची खात्री करूनही त्यांनी आधी तारा जमिनीशी जोडून घेतल्या. “आता प्लेटांची वीज उलटी येऊ शकती,” ते म्हणाले. “आन मला घरी जायचंय.” मग कमरेचा पट्टा आवळून ते शांतपणे खांब चढले. पुस्तकात हे सगळं एका ओळीत असतं.

परतताना माणच्या फाट्यावर बस थांबवा, असं मी मोठ्यानं सांगितलं. वाटेत तारांपेक्षा तो न सांगता थांबलेला मिक्सरच जास्त आठवत राहिला.

पुढचे काही आठवडे मी फोनची वाट पाहिली. परवा ताईंचा आला.

“तार जोडली. काल आख्खी वाडी लग्नाला गेलती. पंप बंद, मिक्सर बंद, घरात दिवाबी न्हाई. तरी पेटी दिसभर चालू हुती. आज बैठकीत प्लेटा काढायचं कुनी नावच काढलं न्हाई.”