काकडीची आळी आणि शेजारचा बोका

थंडी सरत आली होती, तरी सकाळ अजून धुक्यातच उगवत होती. परसातल्या दोरीवरचे कपडे दिसत नव्हते, त्यांच्यातून टपकणारे थेंब तेवढे ऐकू येत होते. मोजणीकाका बनियनवर स्वेटर चढवून उकिडवे बसले होते आणि माती चाळत होते. चाळण जुनी, एका बाजूची कड सुटलेली, तिला तारेचा टाका घातलेला. माती चाळायची, खडे बाजूला सारायचे आणि पालापाचोळा जाळून केलेली राख मुठीमुठीने कालवायची. घमेलं भरलं तसे ते उठले, गुडघ्यांना दोन शिव्या हासडल्या आणि काकडीच्या आळ्यांकडे गेले.

पहिलं आळं उकरलेलं होतं.

तेही उगाच नखं मारल्यासारखं नाही, चांगलं मन लावून उकरलेलं. मध्ये वाटीएवढा खड्डा, माती व्यवस्थित मागे लोटलेली आणि तिच्याखाली झाकून ठेवलेला ऐवज. कुणाचं काम आहे हे वासावरूनच कळत होतं, पंचनाम्याची गरज नव्हती. काकांनी काडीने माती चिवडली. तीन बियांपैकी एक दुभंगलेली, एक पिचलेली, तिसरीचा पत्ताच नाही.

"साहेब येऊन गेले वाटतं," काकू मागच्या दारातून म्हणाल्या.

साहेब म्हणजे शेजारच्या टेलरवहिनींचा बोका. पिवळ्या पट्ट्यांचा, जाड मानेचा. वहिनींनीच त्याचं नाव साहेब ठेवलेलं. काम काडीचं करत नाही आणि पाहणी सगळीकडे करतो, म्हणून. हे नाव काकांच्या पहिल्यापासून डोक्यात जायचं. छत्तीस वर्षं त्यांनी जमीनमोजणीच्या नोकरीत साहेबांच्या मागे साखळी ओढली. भावाभावांत बांधावरून जुंपली की काकांना धाडायचे. ज्याची जमीन वीतभर वाढली तो चहा पाजायचा, ज्याची घटली तो सात पिढ्या काढायचा. काका चहा आणि शिव्या सारख्याच चेहऱ्याने घ्यायचे. तेव्हापासून त्यांचं खरं नाव गल्लीतच काय, खुद्द त्यांच्या घरातही फारसं कुणी घेत नव्हतं.

आता नोकरी सुटली होती. उरलं होतं बावीस फूट बाय चौदा फुटांचं परस आणि त्यातली ही तीन आळी.

ही काकडी साधीसुधी नव्हती. पांढुरकी, आखूड, देठाकडे जरा वाकलेली. काकांच्या आईने जन्मभर लावलेली. आईमागे ताईने लावली. पण ताई मुलाकडे चौथ्या मजल्यावर राहायला गेली आणि तिचं बी संपलं. मध्यंतरी फोनवर म्हणाली होती, "अरे, बाजारातली काकडी खाते नि पाणी चावल्यासारखं वाटतं. आपलं बी आहे का रे तुझ्याकडे?" काकांनी कपाट उपसलं. औषधाच्या एका बाटलीत नऊ बिया निघाल्या. किती वर्षांच्या, ते बाटलीवर लिहिलेलं नव्हतं. आणखी एक वर्ष ठेवल्या तर त्यांच्यात जीव राहील याची खात्री नव्हती. म्हणून तीन आळ्यांत तीन-तीन लावून टाकल्या. त्यातल्या तीन आज गेल्या. उरल्या सहा. दुनियेत दुसऱ्या कुणाकडे असतील तर असोत, काकांना तरी माहीत नव्हतं.

"उरलेल्या दोन्हीवर पाटी पालथी घाला," काकू म्हणाल्या. "सुंठीवाचून खोकला गेला."

"माझ्याच जागेत मी माझं बी लपवून ठेवू? कुणाला भिऊन? बोक्याला?"

"मग त्याला नोटीस पाठवा."

काकांनी नोटीस पाठवली नाही, पण त्याच्या खालोखाल जे करता येतं ते केलं. जुना मोजणीकागद काढला आणि परसाचा नकाशा आखला. चार दिवस सकाळी ते मागच्या खिडकीत स्टूल टाकून बसले. बोका कधी येतो, कुठून येतो, कसा जातो, सगळं टिपून ठेवलं. सात वाजून दहा मिनिटं, नाल्याचं भोक. सात सव्वीस, कुंपणाची सुटलेली फळी. सात पाच, फाटकाखालची फट. काकू दर अर्ध्या तासाने विचारून जायच्या, "आज साहेब रजेवर का?"

या चार दिवसांत दोन गोष्टी घडल्या. एक म्हणजे तिखटाचा प्रयोग. काकांनी कुंपणालगत मूठभर तिखट भुरभुरलं, तेवढ्यात वारा फिरला आणि तासभर काकाच डोळ्यांना पाणी लावत बसले. बोका बाजूने शेपूट उभारून निघून गेला. दुसरी गोष्ट अशी, की काकांच्या डोक्यात एक किडा शिरला.

बोका फाटकातून येवो की भोकातून, वाटेत त्याला मेथीचा वाफा लागायचा. तिथली माती लोण्यासारखी. पुढे गुलाबाखालची माती, कालच खुरपलेली. तो दोन्हीकडे ढुंकूनही बघायचा नाही. सरळ काकडीच्या आळ्याशी यायचा, नाक खाली करून हुंगायचा आणि पंजा उचलायचा. त्याच क्षणी काका खिडकीतून वहाण भिरकावायचे. चारही दिवस हे असंच. मऊ मातीच हवी तर ती अंगणभर होती. मग याच आळ्यांचं एवढं वेड का?

"काकडी आवडत असेल," काकू म्हणाल्या.

"अगं, बी आहे अजून ते! त्याला काय स्वप्न पडलं?"

"मग तुमचं तोंड बघायला येत असेल."

काकांना हसू आलं नाही. माणूस बांध का सरकवतो, हे त्यांना पाहताक्षणी कळायचं. या बोक्याचं गणित मात्र सुटेना, आणि न सुटलेलं गणित त्यांना जेवू देईना.

पाचव्या दिवशी सकाळी नेहमीसारखी माती चाळून, राख कालवून झाल्यावर काकांनी हद्द बंद करायची ठरवली. नकाशावर पाच जागा तांबड्या खुणांनी दाखवलेल्या. एकेक घेत ते निघाले. फाटकाखाली लाकडी पट्टी ठोकली. नाल्याच्या भोकाला जाळी बसवली. फळी खिळ्यांनी आवळली, मेंदीच्या खिंडीत काटेरी फांद्या कोंबल्या, आणि भिंतीला टेकलेली फांदी छाटली, तिच्यावरून बोका वरच्या वर उतरायचा. दीड तास लागला. शेवटची खूण खोडून काका भिंतीला पाठ लावून उभे राहिले आणि चारी बाजूंना समाधानाने नजर फिरवली. मुंगी शिरायची नाही. मग आंघोळ केली, जेवले आणि आडवे झाले.

जाग आली ती वहिनींच्या हाकांनी. "साहेब! ओ साहेब! कुठं उलथलास रे?" हाका गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरत होत्या. आणि त्यांना उत्तर येत होतं काकांच्या परसातून. ते उत्तर म्हणजे रडगाणंच होतं.

काका धोतराचा सोगा सावरत मागे आले. बोका भिंतीवर उडी मारत होता आणि घसरून खाली येत होता. काका फाटकाला पट्टी ठोकत होते, तेव्हापासून तो लाकडांच्या ढिगामागे झोपलेला असणार. आणि दुसरं आळं उकरलेलं होतं. तीन बिया आणखी गेल्या.

फाटकावर वहिनींचा चेहरा उगवला. गळ्यात मोजपट्टी, तोंडात दोन टाचण्या. त्यांनी टाचण्या काढून पदराला टोचल्या आणि मग तोंड सोडलं.

"काका, मुक्या जनावराला कोंडून घातलंत? लाज नाही वाटत?"

"कोंडलं? अहो वहिनी, मी त्याला बाहेर ठेवत होतो!"

"दिसतंय ना! चारी बाजूंनी बंद करून बाहेर ठेवलाय!"

काकू दारात तोंडाला पदर लावून उभ्या होत्या. शेवटी त्यांना राहवलं नाही. "अहो, हद्द बांधायच्या आधी आत कोण आहे ते बघत नाहीत का तुमच्यात?"

खरं तर नव्हते बघत. मोजणीवाल्याने हद्दीवरून चालायचं, दगड ते दगड. नजर खुणेवर. आत ऊस आहे की विहीर आहे की कुणाचं घर, ते लिहिणारा वेगळा असायचा. काका छत्तीस वर्षं कडेकडेनेच चालले होते. आज परसातही तसेच चालले आणि लाकडांकडे एकदाही पाहिलं नाही. पट्टी उखडायला हत्यार आणायच्या भानगडीत ते पडले नाहीत. बोक्याला सरळ मानगुटीला धरून काखेत मारला आणि म्हणाले, "चला वहिनी, तुमचा माल तुमच्या घरी पोचवतो." बोक्याने वाटेत त्यांच्या मनगटावर चार रेघा ओढल्या.

सहा वर्षांच्या शेजारात काका वहिनींच्या घरात आज पहिल्यांदा शिरत होते. पुढच्या खोलीत दोन मशिनी होत्या. खुंटीला अर्धवट शिवलेले ब्लाउज लटकत होते आणि जमिनीवर चिंध्यांचा सडा पडला होता. बोक्याने काखेतून उडी मारली आणि तो मागच्या दाराकडे पळाला. काकाही पायाला चिंध्या अडकवत त्याच्यामागे गेले.

मागचं अंगण लख्ख होतं. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत नवी करकरीत फरशी.

"कधी घातली?" काकांनी विचारलं.

"झाला महिना. मोठी कापडं इथंच पसरून कापायची असतात. सारखी माती लागायची."

बोका फरशीवरून चालत कोपऱ्यात गेला. तिथे त्याने एकदा हुंगलं, पंजाने फरशी खरवडली, पुन्हा खरवडली आणि मागे वळून दोघांकडे पाहिलं. काका तो कोपरा बघत उभेच राहिले.

"वहिनी, या कोपऱ्यात आधी काय होतं?"

"काय असणार? कचरा. सासूबाई असेपर्यंत आंघोळीच्या पाण्याला बंब पेटायचा. त्याची राख त्या तिथं टाकायच्या. त्यांच्यामागे ढीग तसाच पडून होता, फरशीवाल्यांनी उचलला. का हो?"

"राख?"

"राखच. त्यात काय एवढं?"

काकांच्या चेहऱ्यावर जे पसरलं ते पाहून वहिनी एक पाऊल मागे सरल्या. ते आपल्या दोन्ही तळव्यांकडे बघत होते. आंघोळ करूनही सकाळची राख अजून नखांत होती. मेथीला ते राख घालत नव्हते, गुलाबाला शेणखत होतं. राख घालत होते ती फक्त काकडीला, किडे लागू नयेत म्हणून. पिल्लू असल्यापासून ज्या वासावर बोका बसायला शिकला, तो वास महिन्यापूर्वी एका दिवसात घरातून नाहीसा झाला होता. आणि मग भिंतीपलीकडे एक माणूस चाळून, कालवून, मऊ करून तोच वास त्याच्यासाठी रोज मांडत होता.

"मीच बोलावत होतो की त्याला!" काका मोठ्यांदा म्हणाले.

"आत्ता तर म्हणत होतात बाहेर ठेवत होतो," वहिनी म्हणाल्या. "काका, बसा जरा. पाणी देऊ?"

काका बसले नाहीत. त्यांनी वहिनींची मोजपट्टी मागून घेतली आणि कोपरा मोजला. अडीच फूट बाय दीड. दोन फरश्या काढू या म्हणाले, त्यावर वहिनींनी असे डोळे वटारले की त्यांनी तो विषय तिथेच सोडला. मग जुन्या कपाटाचा एक खण निघाला, रिकाम्या रिळांनी भरलेला. रिळं ओतून काढली. काका घरी गेले, पट्टी उखडली, सकाळी चाळलेलं घमेलं उचललं आणि त्यात आणखी चार मुठी राख घालून घेऊन आले. खण भरून कोपऱ्यात ठेवला. घरी परतल्यावर काकूंकडे न बघता त्यांनी तिसऱ्या आळ्यावर पाटी पालथी घातली. काकूंनीही तोंडातून शब्द काढला नाही. चौतीस वर्षांच्या संसारात त्यांना केव्हा बोलू नये तेही कळत होतं.

दुसऱ्या दिवशी सात वाजता काका खिडकीत नव्हते. ते भिंतीपाशी स्टुलावर उभे राहून पलीकडे डोकावत होते, आणि पलीकडे वहिनी दारामागून बघत होत्या. बोका आला. त्याने खणाला एक फेरी घातली. वरून आत पाहिलं, खाली वाकून हुंगलं. पुढचे दोन पाय आत ठेवले आणि बराच वेळ तसाच विचार करत राहिला. मग मागचेही आत घेतले. काकांनी नजर दुसरीकडे वळवली. एवढा मान तर कुठल्याही साहेबाला द्यावा लागतो.

नवव्या दिवशी पाटीखाली दोन कोंब दिसले. चौथ्या पानावर असताना त्यातला एक गोगलगायीने रात्रीत फस्त केला. तिसऱ्या बीने शेवटपर्यंत डोकं वर काढलंच नाही.

काकांनी ताईला फोन लावला.

"किती आले?" ताईने पहिला प्रश्न हाच केला.

"एक."

"नवातनं एक?"

"आठ साहेब लोकांनी घेतले."

"कोण साहेब? तुला अजून साहेब आहेत?"

"मोठी गोष्ट आहे, भेटल्यावर सांगतो. पण एक वेल धरलाय, ताई. चांगला कंबरेएवढा चढलाय."

मग ताई म्हणाली, "एक वेल पुष्कळ झाला. पहिली काकडी खाऊ नकोस हं. पिकू दे, पिवळी होऊ दे. बी धर. अर्धं मला पाठव, इथे गॅलरीत डबा ठेवते."

"तुझ्याकडे मांजर आहे का?"

"चौथ्या मजल्यावर?"

"बघून ठेव," काका म्हणाले, आणि त्यांनी फोन ठेवला.

आतून काकूंचा आवाज आला, "अहो, नळाला पाणी आलंय, धार बारीक व्हायच्या आत बादल्या लावा!" काका उठले. पिंपाचं झाकण काढलं, तळातलं शिळं पाणी वेलाच्या मुळाशी ओतलं, पिंप काथ्याने घासून काढलं आणि पहिली बादली नळाखाली सरकवली.