काळ्या बॉनेटवरचं स्वस्तिक

काळी गाडी ठेवणारा माणूस मी पाठमोरा चालतानाही ओळखतो. पुसून पुसून त्याचा उजवा खांदा खाली आलेला असतो. माझा तर इतका आलाय की शिंपी शर्टाच्या दोन बाह्या दोन मापांच्या कापतो. चारकोपला तुम्ही गाडी धुऊन बादली खाली ठेवता, तोवर टपावर मेथी पेरण्याइतकी धूळ जमते. मी पेरली नाही, पण एका मे महिन्यात माझ्या टपावर मूग उगवले होते असं आमच्या सोसायटीत अजून सांगतात. सांगणारा मीच, ती गोष्ट वेगळी.

गाडी घरी आणली त्या दिवशी आई खाली उतरली, गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाली, "संक्रांतीक काळी साडी, ता समाजला. गाडी कित्याक काळी, रे?"

"दृष्ट लागू नये म्हणून," मी ठोकून दिलं.

"म्हणजे अख्खी गाडीच तीट काय!"

सबंध बिल्डिंग हसली. तेव्हापासून आमच्या गाडीचं नाव तीट. पण काळ्या रंगावर आईचा भरवसा नव्हताच, म्हणून दर दसऱ्याला ती त्याचा बंदोबस्त करायची. इतरांच्या गाडीवर वाटीएवढं स्वस्तिक, आमच्या बॉनेटवर परातीएवढं. नुसतं पाण्यात कालवलेलं कुंकू मुंबईच्या रस्त्यावर टिकायचं नाही, म्हणून ती त्यात खोबरेल घालायची. आणि हुकूम असा, की दिवाळीच्या पहिल्या आंघोळीपर्यंत त्याला फडका लावायचा नाही. आता ऑक्टोबरच्या उन्हात काळं बॉनेट म्हणजे तवा. मी त्यावर ऑम्लेट केलंय. बरं, केलं नाही, पण अंडं हातात घेऊन उभा होतो. अशा तव्यावर तेल आणि कुंकू दर वर्षी तीन-तीन आठवडे भाजलं जायचं, आणि आम्ही आपले दिवाळीला पुसून मोकळे.

हे सगळं आठवायचं कारण आई मुलुंडला गेली, तो रविवार.

आमची बिल्डिंग तीन मजल्यांची, लिफ्ट नाही, आणि आम्ही वरच्या मजल्यावर. आईचे गुडघे आधी कुरकुरले, मग त्यांनी सरळ संप केला. गणपतीनंतर डॉक्टरकडे न्यायला आम्ही तिला प्लास्टिकच्या खुर्चीतून उतरवलं, तेव्हा दुसऱ्या मजल्याच्या वळणावर माझ्या कमरेनं दगा दिला आणि खुर्ची कलली. तिनं कठडा घट्ट धरला म्हणून वाचलो. त्या दिवशी ठरलं. धाकट्या भावाकडे मुलुंडला दोन लिफ्टा आहेत, खाली बसायला बाग आहे. तिनं आता तिथंच राहायचं.

ठरलं ते आम्हा भावांचं. आई त्यावर काहीच बोलली नाही. सत्तावन्न वर्षांत मी तिच्या इतक्या शिव्या खाल्ल्यात की त्यांवर माझं पोट वाढलं असा माझा दावा आहे. मी चहात साखर जास्त घातली तरी ती माझ्या सात पिढ्या उकरायची, आणि त्या पिढ्या तिच्याच सासरच्या, म्हणून जरा जास्तच आनंदानं. ती बाई आठवडाभर गप्प. बॅग भरली, गप्प. मी मुद्दाम चहात मीठ टाकून दिलं. प्यायली. बायको म्हणाली, "अहो, आता बास करा." मला दुसरं काही नको होतं. तिनं गाडीत बसताना हसावं असंही नाही. निदान मला शिव्या देत बसावं.

माणसाला जे दुरुस्त करता येत नाही, त्याच्या शेजारचं काहीतरी तो घासायला घेतो. शनिवारी मी गाडी घासायला घेतली.

सकाळी साकीनाक्याला गाड्यांच्या सामानाच्या दुकानात गेलो. दुकानदारानं काउंटरवर इतक्या डब्या मांडल्या की मला वाटलं चुकून सौंदर्यप्रसाधनांच्या दुकानात आलो. स्प्रेचं वॅक्स, दुधासारखं पातळ वॅक्स, काळी शाई घातलेलं वॅक्स.

"ब्लॅक गाडीला हे ब्लॅकवालं घ्या ना साहेब. बारीक ओरखडे झाकून टाकेल."

"झाकून किती दिवस?"

"दोन पाऊस."

"मुंबईचे की राजस्थानचे?"

तो हसला आणि मागच्या फळीवरून एक गोल पत्र्याची डबी काढली. आत पिवळसर घट्ट वॅक्स, परदेशातल्या कुठल्याशा ताडाच्या पानांचं. हातानं लावायचं, हातानंच पुसायचं. "टिकेल सिरॅमिक कोटिंगपेक्षा कमी," तो म्हणाला, "पण काळ्या रंगाला याच्यासारखी खोली दुसऱ्या कशानं येत नाही. मेहनत आहे मात्र." मेहनत म्हटल्यावर माझ्या खांद्यानं नाही म्हटलं. मी तीच डबी घेतली.

दुपारी बिल्डिंगच्या सावलीत गाडी लावली. वॅक्स म्हणजे शेवटचा पावडर-टिळा. त्याआधी अंगाला उटणं. आमच्याकडे गाड्या पुसणारा रोज सकाळी एका बादलीत एक फडका बुडवून पस्तीस गाड्या पुसतो. पहिल्या गाडीची रेती शेवटच्या गाडीपर्यंत प्रवास करते, आणि बारीक ओरखड्यांची जाळी अशी, की उन्हात माझ्या दारावर बघाल तर कोळ्यांनी चाळ बांधलेली दिसते. मी शाम्पूनं धुतली, फडकी बदलत पुसली, मग रंगात रुतलेली घाण ओढून काढणारी मातीची मऊ वडी ओल्या रंगावरून फिरवली. पांढरी वडी काळी होऊन निघाली. तळमजल्यावरचा माझा दोस्त खुर्ची टाकून बघत बसला होता. मदत करत नाही, सल्ला देतो; आमची मैत्री त्यावरच टिकली आहे.

मग पॉलिश. वरच्या पारदर्शक थराचा अगदी पातळ पापुद्रा खरवडून रंग सपाट करायचा. टप झाला, दारं झाली. माझा हात आता माझा राहिला नव्हता, कुणीतरी खांद्याला अडकवून गेलं होतं. बॉनेटवर आलो, धूळ-मेण सगळं निघालं, बॅटरीचा उजेड तिरका टाकला आणि थांबलो.

काळ्या रंगाच्या आत स्वस्तिक होतं. कुंकू कधीच गेलेलं, पण रंगानं ती खूण धरून ठेवली होती. एकावर एक काढलेली सगळ्या दसऱ्यांची रेघ. अंगठ्याच्या जाडीची. चारही ठिपके जागेवर.

"अरे वाट लागली!" दोस्त उठून आला. "तेलानं भाजलंय रे हे. घासायचं कंपाउंड मारून दोन हात फिरव, जाईल."

"जाईल."

"मग फिरव ना यार."

"नको."

"उद्या ती मुलुंडला चाललीय रे, चंद्रावर नाही."

 पवईमार्गे मुलुंडला जायला लागणारा वेळ बघता चंद्र जवळ पडतो, हा माझा ठरलेला विनोद होता. तो मी केला नाही. स्वस्तिकाच्या कडेकडेनं पॉलिश केलं, आतल्या भागाला हात लावला नाही. मग बोटानं वॅक्स घेऊन पातळ थर दिला, धुरकट झाल्यावर मऊ फडक्यानं पुसला. संध्याकाळी बॉनेटमध्ये समोरच्या बिल्डिंगची गॅलरी दिसत होती, त्यात वाळत टाकलेली लुंगी दिसत होती, लुंगीवरची सुरकुतीही दिसत होती. आणि तिरकं बघितलं तर स्वस्तिक.

रविवारी सकाळी आईला खुर्चीतून उतरवलं. या वेळी भाऊ आणि दोस्त खालून, मी वरून. माझ्याकडे वजन कमी ठेवलं होतं, ते मला कळलं. आई प्रत्येक मजल्यावर दारांकडे बघत होती. गप्प. गाडीजवळ आल्यावर तिनं हात वर केला.

"थांबा. हंय ठेवा."

खुर्ची बॉनेटसमोर ठेवली. तिनं वाकून अंगठा लावला. सावकाश एक रेघ गिरवली.

"ह्या काय?"

"तुझंच आहे," मी म्हणालो. "मुद्दाम ठेवलंय."  दोस्त दुसरीकडे बघायला लागला.

"मेल्या!" आई म्हणाली. "अख्खी गाडी आरशासारखी, आणि तोंडार ह्यो डाग ठेवलंस? ही रेघ बघ, वाकडी गेलेली. मुलुंडातली माणसा काय म्हणतली? म्हातारेक धड स्वस्तिक काढूक येणा नाय!"

"आई, मला वाटलं—"

"तुका वाटला! दसऱ्याक गाडी घेवन मुलुंडाक ये. आधी ह्या घासून काढ. जुन्यार नवा काढूचा नसता. आणि चहात मीठ कोण घालता रे?"

पवईच्या ट्रॅफिकमध्ये गाडी हलत नव्हती, आई थांबत नव्हती. मी ब्रेक जोरात लावतो, माझी कॉलर मळकी आहे, माझ्या सासऱ्यानं माझ्यात काय बघितलं देव जाणे. भाऊ मागं बसून खिडकीबाहेर हसत होता. मी रस्ताभर एक शब्द उलट बोललो नाही. सिग्नल सुटला की मलाच वाईट वाटायचं.

घरी परतलो तेव्हा तिच्या खाटेची जागा बायकोनं झाडून ठेवली होती. त्या रात्री मला चहा कडू लागला, साखर होती तरी.

पुढच्या रविवारी नव्या वॅक्सवर पुन्हा शाम्पू. ते उतरवलं, कंपाउंड लावलं, घासायला लागलो. आता रेघा गेल्या आहेत, तीन ठिपके गेले आहेत. चौथा अजून दिसतो. तो काही केल्या निघत नाही, असं मी बायकोला सांगतो. निघेल तसा. पण खांदा फार दुखतो हल्ली, आणि दसऱ्याला अजून वेळ आहे.