मामाने दिलेल्या कँडल

आनंद पोटात ठेवणं मला जमतच नाही. पहिला पेपर स्वीकारल्याचा मेल आला, तेव्हा मी जर्मनीत, डार्मश्टाटच्या आमच्या प्रयोगशाळेत खुर्चीसकट गिरकी घेतली आणि दुसऱ्या दिवशी पातेलंभर शिरा घेऊन हजर झाले. इथे आनंद ज्याचा, केक त्यानेच आणायचा असतो. म्हटलं, केक कसला, शिरा खा!

पेपर होता पाणी गाळायच्या कँडलवर. फिल्टरमध्ये असतात ना, त्या पांढऱ्या. पाच कारखान्यांच्या कँडल मी तपासल्या होत्या आणि त्यातल्या एकीने बाकीच्यांना पार मागे टाकलं होतं. शिरा खाता खाता माझ्या प्राध्यापकबाईंनी सहज विचारलं, ही पहिली आलेली बनवतं कोण? मी ऐटीत सांगितलं, "माझा मामा."

बाईंचा चमचा थांबला.

मामाचा इचलकरंजीला छोटा कारखाना आहे. मी पीएचडीला निघाले तेव्हा त्याने डझनभर कँडल वर्तमानपत्रात गुंडाळून, चकलीच्या डब्याशेजारी माझ्या बॅगेत कोंबल्या होत्या. पेपरच्या शेवटी पैसा कुणी दिला, साहित्य कुणी दिलं, कुणाशी हितसंबंध आहेत का, हे लिहायचं असतं. विद्यापीठाचा प्रकल्प मी बिनचूक लिहिला. हितसंबंधांपुढे लिहिलं, काही नाही. मामा मला सुचलाच नाही, आणि सुचणार तरी कसा? मामाने दिलेल्या वस्तूला आपण कधी मदत म्हणतो का? आमच्या मामाला चुकून थँक्यू म्हटलं तर तो दोन दिवस धड बोलत नाही, परकं केलंस म्हणतो. हे सगळं मी बाईंना हातवारे करकरून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"वाचणाऱ्याला तुझं घर माहीत नसतं," त्या म्हणाल्या.

संपादकांना आजच आणि तूच कळव, असं त्यांनी सांगितलं. पेपर रद्द झाला असता तर माझी डॉक्टरेट वर्षभर तरी लांबली असती आणि विद्यापीठातला माझा करार त्याआधीच संपत होता. तरी पातेलं बाजूला सारून त्याच टेबलावर मी मेल लिहिला.

छपाई थांबवली, असं उत्तर आलं. कँडलची ओळख झाकून दुसऱ्या कुणीतरी चाचण्या पुन्हा कराव्यात, मग बघू. माझ्या शेजारी बसणाऱ्या जर्मन सहकाऱ्याने ते काम अंगावर घेतलं. तीन आठवडे चाचण्यांच्या कोपऱ्यात मला मज्जाव! मी कॉफी प्यायचे, खिडकीतून ट्राम बघायचे, आणि कोपऱ्याकडे बघायचं नाही म्हणून पुन्हा तिकडेच बघायचे. एका दुपारी तो आला, "गेनाऊ," म्हणजे इथलं हरघडीचं 'बरोबर', एवढंच म्हणाला आणि निकालाचा कागद पुढे केला. तिसऱ्या नंबरची कँडल पहिली आली होती. कोणता नंबर कुणाचा, याची बंद चिठ्ठी बाईंनी उघडली. मामाचीच! आई शप्पथ, मी कॉरिडॉरभर पळाले.

पेपर छापून आला, शेवटी एका नव्या वाक्यासह. आता मामा रुसणार, या धास्तीनेच मी फोन लावला आणि वाक्य मराठीत वाचून दाखवलं: तपासलेल्यांपैकी एका प्रकारच्या कँडल लेखिकेच्या मामांनी विनामूल्य दिल्या असून निष्कर्षांत त्यांचा सहभाग नाही.

मामा म्हणाला, "म्हणजे कँडल पहिली आली म्हणून नाही, मी तुझा मामा आहे म्हणून छापलंय?"

"हो."

"मग तेवढं पान पाठव. बाकीचं मला कळायचं नाही."

ते पान आता त्याच्या कारखान्यात, टेबलाच्या काचेखाली आहे. कँडल पहिली आल्याचा तक्ता मात्र त्याने अजून मागितलेला नाही.