नकाशातली कोरी जागा

आखातातल्या आमच्या शहरात, रोल्ला बाजारातल्या फ्रेमवाल्याकडे मी एक जुना नकाशा घेऊन गेले होते. आमच्या ऑफिसने टाकून दिलेला. त्यात तेलविहिरींचे काळे ठिपके, उंटांचे गोठे आणि त्यांना जोडणारी एक तुटक वाट होती. दुकानात एक म्हातारा अरब मांडीवर काठी आडवी धरून बसला होता. न विचारताच तो उठला आणि गोठ्यापासून विहिरीपर्यंतच्या वाटेवरून बोट फिरवू लागला. मध्ये एका कोऱ्या जागेपाशी वाट सरळ जात होती, पण त्याच्या बोटाने वळसा घातला. परत येतानाही तसंच.

नकाशावर नाही ते नाहीच, असं मानणारी मी. म्हटलं, "चाचा, इधर तो कुछ भी नहीं है."

"इदर आदमी सोता है, मॅडम," तो हलकेच म्हणाला, कुणाची झोप मोडेल या भीतीने. आणि निघून गेला.

नकाशा आता आमच्या हॉलमध्ये आहे. काल काच पुसताना फडकं त्या जागेवरून गेलं. कुणाला चुकून पाय लागल्यावर करतो, तसा माझा हात आपसूक तिथे टेकून कपाळाकडे गेला.

एसीने अख्खी काच गार पडली होती. तेवढीच जागा कोमट होती.