मिरचीच्या कडेची मका

लसीचा डबा संध्याकाळी रिकामा होतो, पण किस्से घेऊनच मी घरी येते. धावड्याच्या उपकेंद्रात नर्स म्हणून राहिलं की ते साठतातच! त्यातले हे परीचे.

गावातल्या चिमुकल्या परीला रक्ताचा कॅन्सर. उपचार चालू असेपर्यंत तिला गोवराची लस देता येणार नव्हती, आणि गोवर झाला तर तिला झेपणारा नव्हता. डॉक्टर म्हणाले, आजूबाजूची सगळी पोरं लसवंत करा.

*

परीच्या आजीने, कौसाबाईंनी, गल्ली पिंजून काढली. एकदा तर पाहुणं आलेलं पोरगंही ओढत आणलं. विचारलं तर त्याची लस गावी, आष्टीलाच झालेली! फेरी वाया गेली म्हणून बाई दिवसभर हळहळल्या.

*

अडले फक्त शेजारचे शेषरावतात्या. नातू ओम याला सुई टोचू देईनात. मी समजावलं, मिरचीला रोग लागू नये म्हणून कडेने मका लावता ना? तशी ही पोरं मका, परी मिरची.

तात्यांनी शांतपणे सुपारी कातरली.

"बराबर हाय, शिष्टर. मंग ओमलाबी मिरचीच समजा."

मी चहा न घेताच उठले. एवढा राग आला होता!

*

मग गल्लीत लग्न निघालं आणि जालन्याच्या एमआयडीसीकडून आलेल्या एका पाहुण्या पोराच्या अंगावर गोवर उठला. परीच्या घराचं दार बंद. कौसाबाई उंबऱ्यात बसून.

दुपारी तात्या उपकेंद्रात हजर, खांद्यावर ओम.

"मका आणली," एवढंच बोलले.

गोवर त्या पाहुण्यापाशीच थांबला. गल्लीत दुसऱ्या कुणालाच झाला नाही, परीलाही नाही! खोटं कशाला सांगू, मी उपकेंद्राचं दार लावून एकटीच नाचले. तेव्हापासून इथली पोरं लस घेतली की ऐटीत सांगतात, आम्ही मका!

*

उपचार संपून बरेच महिने झाल्यावर यंदा डॉक्टरांनी परीच्या लसीला परवानगी दिली. कौसाबाईंनी सुई टोचायच्या आधीच पेढे वाटले. परी रडली नाही. दंड चोळत म्हणाली, "आता मी मका झाले का?"

झालीस की, म्हटलं.

ती तडक तात्यांच्या घरी गेली. आत पाळण्यात ओमची तान्ही बहीण झोपलेली, लसीचं वय अजून न झालेली. परी बाहेर उंबऱ्यापाशी मांडी घालून बसली. तात्यांनी लाडू दाखवून आत बोलावलं.

ती हलली नाही. म्हणाली, "आत कशाला? मका कडंलाच असती."