बसलेला भोंगा

पॉलिशवाल्याकडे लाकूड कधी एकटं येत नाही. कपाटाच्या खणात कुणाचा तरी कंगवा निघतो, पलंगाच्या फटीत हरवलेलं कानातलं. त्या दिवशी आला तो जुना रेडिओग्राम, म्हणजे टेबलाएवढं खोकं, एका अंगाला रेडिओ आणि दुसऱ्या अंगाला तबकड्या वाजवायचं यंत्र. मालकीणबाईंना फक्त वरचं लाकूड चकचकीत करून हवं होतं. आतल्या तबकड्या सासऱ्यांच्या म्हणून त्यांनी तशाच राहू दिल्या होत्या.

घासकाम सुरू करण्याआधी पॉलिशवाला तबकड्या बाहेर काढू लागला, आणि एका वेष्टनावर त्याला स्वतःचंच तोंड दिसलं. खांद्यावर रुळणारे केस, हातात बेस गिटार, आणि चेहऱ्यावर असा माज की आजच्या पॉलिशवाल्याने त्या पोराला दुकानाच्या पायरीवर उभं केलं नसतं. शेजारी त्याचा थोरला भाऊ, भलंमोठं तोंड उघडून. पॉलिशवाला खाली स्टुलावर बसला. घरच्यांसाठी तो अजून बारक्याच होता, आणि त्या क्षणी त्याला तसंच वाटलं.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला चौघा पोरांनी हार्ड रॉकचं खूळ डोक्यात घेतलं होतं. दोघे भाऊ, कारखान्याच्या बॉयलरवरचा एक ड्रमवाला आणि औषधांच्या दुकानातला एक गिटारवाला. सूर लावायला पेटी नव्हती, पियानो तर स्वप्नातही नव्हता. होता तो कारखान्याचा भोंगा. पाळी सुटताना तो वाजला की चौघे पळत येऊन त्यावर गिटारच्या तारा जुळवायचे. थोरल्याचा आवाज तर त्या भोंग्याच्याही डोक्यावरून जायचा, म्हणून सगळी वस्ती त्यालाच भोंगा म्हणू लागली. तो या नावावर खूष होता.

मग तबकडी निघाली. ती पहिल्यांदा वाजली ती रेडिओच्या दुकानात, अर्ध्या वस्तीसमोर. सुई टेकली आणि आत कुणीतरी घोंगडं पांघरून गात असल्यासारखा आवाज आला, जड, खोल, रेंगाळणारा. गर्दीतून कुणीतरी म्हणालं, भोंगा बसला की हो. दुकान हसून लोटपोट झालं. दुसरी बाजू लावायला कुणी थांबलंच नाही. त्या आठवड्यात थोरल्याने घरातल्या सगळ्या प्रती रद्दीवाल्याच्या गाडीवर नेऊन टाकल्या आणि गोदामातली नोकरी धरली. पुढे तो गायला तर नाहीच, साधं गुणगुणलादेखील नाही. लोकांच्या जिभेला हाड नसतं हे खरं, पण त्या एका वाक्याने चांगला माणूस मुका केला.

पॉलिशवाल्याचं दुकान रिकामं होतं, तेव्हा त्याने तबकडी लावली. पहिली बाजू होती तशीच निघाली, घोंगडं पांघरलेली. मनाशी म्हणाला, उगाच जुनं उकरतोय. तरीही तेव्हा कुणीच न ऐकलेली दुसरी बाजू त्याने लावली. शेवटच्या गाण्याच्या शेवटी मागून कारखान्याचा भोंगा ऐकू आला. त्याला आठवलं. रेकॉर्डिंग कारखान्याच्याच सभागृहात झालं होतं, खिडकी उघडी राहिली होती, ऐन शेवटाला पाळी सुटली. रेकॉर्डिंगवाला चिडला, पण थोरल्याने थांबायच्या ऐवजी भोंग्याच्याच सुरात सूर मिसळून तो संपेपर्यंत लांबवला होता. चौघांनाही ते इतकं आवडलं की तसंच ठेवलं.

तबकडी संपून काही वेळ झाला आणि बाहेर खराखुरा भोंगा वाजला. पॉलिशवाल्याच्या हातातलं फडकं तसंच राहिलं. बाहेरच्या भोंग्याचा सूर वर होता, तबकडीतल्याचा चांगलाच खाली.

यंत्र जुनं, तेच हळू फिरत असेल, असं म्हणून त्याने सासऱ्यांच्या दुसऱ्या तबकड्या लावून पाहिल्या. त्या सगळ्या ठणठणीत. म्हणजे यंत्राचा दोष नव्हता. तबकडी बनवणाऱ्याकडेच कुठेतरी टेप हळू फिरली होती, आणि माणसांबरोबर भोंगाही बसला होता. कारखान्याच्या भोंग्याचा काही घसा बसत नाही. दादाचा आवाज कधीच बसला नव्हता. पॉलिशवाल्याला आनंद झाला.

घरी त्याने बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "अहो, भरलेल्या जखमेची खपली कशाला काढता? भाऊजींना आता कुठे स्वस्थ झोप लागते." पण पॉलिशवाल्याला चैन पडेना. दादा वरच्या खोलीत राहायचा. जेवायला खाली यायचा, भाजी छान झाली एवढं पुटपुटायचा आणि वर जायचा. खरं माहीत असून त्याला तसंच वर जाऊ द्यायचं, हे बारक्याला जमेना.

दुसऱ्या दिवशी दुपारनंतर कडी बसत नाही असं काहीतरी निमित्त काढून त्याने दादाला दुकानात आणलं. आधी त्याने कागदी चिकटपट्टीचे वेढे यंत्राच्या मोटरच्या दांड्यावर घातले होते. दांडा जाड झाला की तबकडी जलद फिरते. आदल्या दिवशीचा भोंगा कानात धरून तो वेढे वाढवत गेला होता, जुळेपर्यंत. दादाने वेष्टन पाहिलं, आणि तो उठायलाच लागला. बारक्याने त्याचा हात धरून त्याला बसवलं आणि सुई टेकवली.

घोंगडं गळून पडलं. ड्रम धावत सुटले, गिटार दात-ओठ खाऊन किंचाळली, आणि त्या सगळ्यांच्या वर दादाचा आवाज चढला, तरणा, धारदार, कुणाची पर्वा नसलेला. दादा खाली मान घालून ऐकत राहिला. बारक्याने त्याला टेपची, भोंग्याची, चिकटपट्टीची सगळी गोष्ट सांगितली. त्याला वाटलं होतं, दादा रडेल, निदान हसेल तरी.

दादाने मान वर केली.

"तबकडी हळू फिरली, ते कळलं," तो म्हणाला. "पण तू रोज माझ्या शेजारी उभा होतास ना रे, बारक्या? तुझ्या कानांना माझा आवाज माहीत होता. मग तू का नाही म्हणालास, हा दादा नाही?"

बारक्यालाही तेव्हा वाटलं होतं की आपल्या कानांनाच दादाचं कौतुक होतं आणि खरं काय ते तबकडीने सांगितलं. छापलेल्या गोष्टीपुढे त्याने आपले कान खोटे ठरवले होते. त्याने वाकून सुई उचलली.

एवढ्यात बाहेर पाळी सुटली. भोंगा वाजला तशी दादाची हनुवटी सवयीने वर गेली. त्याने श्वास भरला, तोंड उघडलं, तो सूर पकडायला गेला. घशातून नुसती हवा आली, आणि मागोमाग खोकला.

भोंगा संपला. मग दादाने धोतराच्या सोग्याने तोंड पुसलं.

"आता मात्र खरंच बसला," तो म्हणाला, आणि कडी न बघताच घरी निघाला.